पान अकरा

हरभट रोडमागच्या बोळात आमचं वाचनालय,
महिन्याला साठ रुपये, डिपॉझिट वेगळं.
मंगळवारी घोरमाडेचं त्रेसष्टावं पुस्तक आलं,
'पिवळ्या छत्रीतला माणूस'.
खाकी कव्हर घातलं, शिक्का मारला,
नंबर लावलेल्यांची वही उघडली:
सव्वीस नावं.

घोरमाडे म्हणजे इन्स्पेक्टर सारंग घोरमाडे,
बेचाळीस वर्षांत ज्याचं वय
सदतीसच्या पुढे सरकलं नाही.
त्याची पहिली अठरा पुस्तकं पुरात भिजली,
उन्हात घातली तर पापडासारखी फुगली.
तरी लोक मागतात,
चिकटलेली पानं सुरीनं सोडवून वाचतात.

पहिला नंबर बिरनाळे सरांचा. नेहमीच.
टायपिंग इन्स्टिट्यूट बंद झालं, नंबर राहिला.
चौथ्या दिवशी पुस्तक परत.
मग बाकीचे.

मगदूम कंडक्टरांनी ते काउंटरवर आपटलं,
'ह्या डावाला गंडीवलं की ओ त्येनं!
तीस वर्षं विदाऊट तिकीट माणूस
पाठमोरा वळिकला म्या,
पर ह्यो काय घावला न्हाई.'

मिरजेहून मुनीर सतारमेकर:
'तंबोऱ्याच्या तारेनं खून?
कुठल्या नंबरची तार, ते लिहायला नको?
पण शेवट... शेवट सुरात लागलाय.'

आरवाडे वहिनी, हळदीच्या गोदामातून थेट,
बोटं अजून पिवळी:
'जिन्यात दम खायला थांबला बघा तो, पान शहाण्णव.
बासष्ट पुस्तकांत कधी थांबला नव्हता.
खुन्याचं मला काही नाही वाटलं.
मी त्या जिन्यातच राहिले.'

कोळेकरांची ऋतिका, फार्मसी दुसरं वर्ष:
'हवालदार बाई अजून चहाच आणतात.
पण मान्य. रात्री झोप नाही आली.'

एकूण मत असं पडलं
की इतकं फसवणारं पुस्तक पहिल्यांदाच,
लेखक म्हातारपणी सुधारला.

मी गप्प. मला पान अकरा माहीत आहे.

पान अकराच्या खालच्या कोपऱ्यात, दरवेळी,
बारीक पेन्सिलीत खुन्याचं नाव असतं.
लिहिणाऱ्याला शिव्या सगळे देतात,
आणि उघडतात आधी पान अकरा, मग पान एक.
एकदा मी खोडरबर फिरवलं,
तर तिघांनी विचारलं, नाव कुठं गेलं?
बासष्ट नावं. बासष्ट बरोबर.

त्यातल्या 'ळ'ची ती खालची गाठ
रजिस्टरातल्या सहीत मी कधीची बघते आहे.
बोलले नाही.
वर्गणी वेळेवर भरणाऱ्याला काय बोलायचं?

ह्या वेळी पान अकरावर: मंगळवेढेकर वकील.
आणि मंगळवेढेकर वकील निर्दोष आहे.
एवढं सांगितलं तरी जास्तच झालं.
सव्वीस जणांनी त्याच्यावर पाळत ठेवली,
त्याच्या छत्रीवर, खोकल्यावर, डाव्या खिशावर,
आणि खरा माणूस समोरच्या दारानं
चपला घालून निघून गेला.

सरांकडून पुस्तक आलं त्या दिवशी
पान एकशे अठ्ठावीसला एक चिठ्ठी होती,
डोळ्यांच्या दवाखान्याची.
थेंबांचं नाव, पुढची तारीख.
त्यापुढची पानं करकरीत,
कडा अजून एकमेकींना धरून.
चिठ्ठी मी गल्ल्यात ठेवली.

काल सर आले, उंबरा पायानं चाचपत.
'काय म्हणतात लोक?'
म्हटलं, 'आवडलं. शेवट कुणालाच ओळखता आला नाही.'
'कुणालाच?'
'कुणालाच, सर.'

त्यांची बोटं काउंटरवर वाजली,
ओळ संपल्यावर मशीन मागं सरकवावं
तसा एक हात हवेत गेला, थांबला.
'दुपारी इथं गर्दी नसते ना?
एकशे अठ्ठावीसपासून...'

मी खुर्ची ओढली.
पंखा एकवर केला,
पानं उडतात.